पत्रकाची पाचवी ओळ

परवा दुपारी कपाटातल्या कपबशा एकमेकींना हळूच लागल्या. एवढंच. शेजारच्या खोलीत असते तर मलाही कळलं नसतं. माझी नात ईरा समोर पालथी पडून गृहपाठ करत होती. तिनं मान वर न करता निकाल दिला, "आजी, ट्रक गेला."

"हो गं, ट्रकच."

आमच्या डहाणूच्या या बोळात रिक्षा वळवताना रिक्षावाला शिव्या घालतो, तिथे ट्रक कुठून शिरणार, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण माझे दोन्ही पाय आपोआप खुर्चीवर आले होते, उंदीर दिसल्यासारखे. बासष्टाव्या वर्षी मांडी घालता येत नाही म्हणून डॉक्टरकडे कुरकुरणारी मी, त्या क्षणी खुर्चीवर मांडी घालून बसले होते.

थंडी आली की माझं असं होतं. भात झोडून होतं, खळ्यावरची धूळ बसते, ताडाच्या गळ्यात मडकी दिसायला लागतात, चिकूच्या पाट्या लादलेले टेम्पो सकाळी सकाळी धावतात. काय छान हवा पडली, असं लोक म्हणतात. मला मात्र या हवेला ताडपत्रीचा वास येतो. उन्हात तापलेल्या निळ्या ताडपत्रीचा, तिच्याखाली दाटीनं बसलेल्या चाळीस मुलांच्या डोक्याच्या तेलाचा, आणि स्केचपेनचा. होय, स्केचपेनचा. तो वास मीच आणला होता.

त्या हिवाळ्यात तलासरी-डहाणूकडची जमीन हलायला लागली. आधी आवाज यायचा. कोणीतरी पायाखाली दगडांचा डंपर रिकामा करावा तसा. मग पाण्याच्या हंड्यात गोल गोल वलयं उठायची. कुत्री भुंकायची, कोंबड्या गप्प व्हायच्या. एकदा हललं की माणसं म्हणायची, झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडे गेले तरी थांबेना, तेव्हा शाळेच्या भिंतीवरच्या तड्याशेजारी कोणीतरी खडूनं रेघ मारून ठेवली, तडा वाढतोय का बघायला. तडा रेघेच्या पुढे गेला आणि शाळा पटांगणात आली. चार बांबू, एक ताडपत्री, फळा झाडाला टेकवलेला. मुलांना काय, गंमत! धक्क्याला त्यांनी नावही ठेवलं होतं, 'खालचा'. "बाई, खालचा आला!" असं ओरडत ती हसायची. हसू संपलं की एकमेकांचे हात शोधायची, ते मी पाहत होते आणि पाहत नव्हते.

कारण मी कामात होते. म्हणजे ती बाई कामात होती. त्या चोपन्न वर्षांच्या बाईला मी आता लांबूनच बघते, जवळ गेलं तर दोन थपडा द्याव्याशा वाटतील. केसांना काळा रंग, जांभळी साडी, गळ्यात शिट्टी, आणि अंबाड्यात तीन स्केचपेनं खोचलेली. खोटं नाही सांगत, अंबाड्यात! हात मोकळे राहतात म्हणे. त्याच दिवाळीनंतर ती 'माहितीपर मजकुराचे आकलन' या विषयाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. तिथलं जेवण बरं होतं, आणि जे जे तिथे सांगितलं ते ते तिनं जेवणासारखंच न चावता गिळलं होतं. सहावी-सातवीच्या पोरांना आता गोष्टी-कविता पुरे, त्यांना सूचना, पत्रकं, बातम्या वाचता आल्या पाहिजेत. बरोबरच होतं ते. अजूनही बरोबर वाटतं. ज्या पाड्यावर येणारा कागद नेहमी कोणीतरी दुसऱ्यानं लिहिलेला असतो, तिथल्या पोरांना कागद वाचता यायलाच हवा.

पण बाईंनी त्याचा केला कारखाना. पिवळ्यानं मुख्य मुद्दा, हिरव्यानं तपशील, निळ्यानं कारण आणि परिणाम. लाल फक्त बाईंचा, आणि तो पर्समध्ये चेनच्या कप्प्यात. मग वहीत दोन रकाने पाडायचे, डावीकडे तथ्य, उजवीकडे मत. आणि या सगळ्यावर एक नियम, जो ती पोरांकडून रोज सकाळी प्रार्थनेनंतर म्हणून घ्यायची: "उत्तर उताऱ्यातच असतं! उताऱ्याबाहेरचं, शून्य!" चाळीस पोरं कोरसमध्ये. रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशीसुद्धा थबकायच्या.

आणि अशात ते पत्रक आलं. कुठल्याशा कार्यालयाचं, गोल शिक्क्याचं, पाड्यापाड्यात वाटायला. वर चित्र होतं. आई, बाबा, दोन गोरी गोमटी मुलं टेबलाखाली हसत बसलेली, टेबलावर फळांची टोपली. खाली चार ओळी. धक्का जाणवल्यास टेबलाखाली बसावे. विजेची उपकरणे बंद करावीत. अफवांवर विश्वास ठेवू नये. हे धक्के सौम्य असून घाबरण्याचे कारण नाही, तरी नागरिकांनी आपापल्या घरी नित्य व्यवहार सुरू ठेवावेत.

बाईंना तर लॉटरी लागली. खराखुरा माहितीपर मजकूर, चालू विषयावरचा, तोही फुकट! तिनं प्रत्येकाला एक एक पत्रक दिलं, भाताच्या शितांनी वहीत चिकटवून घेतलं आणि पाठ सुरू केला.

"बाई," पहिल्याच ओळीला एक हात वर, "आमच्या घरात टेबल नाय."

"माझ्याकडे पण नाय."

"बाई, बाई, चुलीखाली बसू?"

सगळे हसले. बाईंनी शिट्टी वाजवली. "टेबल आहे की नाही हे विचारलंय का प्रश्नात? प्रश्न काय आहे? धक्का जाणवल्यास कुठे बसावे? उत्तर उताऱ्यात..."

"उताऱ्यातच असतं!" चाळीस जणांनी उत्तर लिहिलं, 'टेबलाखाली'. त्या चाळीस घरांत मिळून एक टेबल नव्हतं.

शेवंती सातवीत होती. दोन वेण्या, त्यातल्या एकीला लाल रिबीन, दुसरीला सुतळी. वर्गात सगळ्यात घडाघडा वाचायची. तिच्या घरात वाचता येणारी ती पहिली. आई-बाप मजुरीला जायचे, घरी आजी, जिला ती डोसी म्हणायची. घरी बाईंचं नाव काढलं की डोसी म्हणे कानाला हात लावायची, इतकं तिला शाळेचं कौतुक. त्यांच्याकडे दोन घरं होती, एकाच अंगणात. जुनं कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. आणि दोन-तीन वर्षांपूर्वी बांधलेलं विटांचं, निळ्या दाराचं. खालचा यायला लागल्यापासून सगळं कुटुंब निळं दार ओढून घेऊन कुडाच्या घरात शेळ्यांशेजारी झोपत होतं.

हे मला नंतर कळलं. म्हणजे तेव्हाही कळलं होतं, वहीत लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, तपासलं फक्त.

शेवंतीच्या वहीत तथ्याच्या रकान्यात होतं: 'कुडाचे घर हलते, पडत नाही. विटांच्या घराला तडा जातो.' आणि मताच्या रकान्यात: 'घाबरण्याचे कारण नाही.'

बाईंनी तिला उभं केलं. "हे काय गं? कुडाचं घर हलतं, पडत नाही. पत्रकात कुठाय हे? बोट ठेव."

"पत्रकात नाय, बाई. डोसीनं सांगितलं."

"डोसीनं काढलंय का पत्रक?"

वर्ग खदखदला. शेवंतीही हसली थोडी, बाईंनी विनोद केला म्हणून. मग म्हणाली, "डोसीनं बघितलंय ना पण. आम्ही पण रोज बघतो. कूड डुलतो नि थांबतो. विटांच्या भिंतीला मागच्या बाजूला फट पडली, माझा हात जातो."

"उताऱ्याबाहेरचं?"

"शून्य," ती म्हणाली.

"बरं. आणि 'घाबरण्याचे कारण नाही' हे मतात कसं टाकलंस?"

तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "ज्यानं लिवलंय त्याला भीती नाय वाटत, बाई. आम्हाला वाटते. मंग ते त्याचं मत झालं ना?"

नोकरीत इतकी वर्षं मी ज्या उत्तराची वाट बघत होते ते उत्तर माझ्यासमोर उभं होतं, एका वेणीला सुतळी बांधून. कोण बोलतंय, कुठे बसून बोलतंय, त्याच्या पायाखाली काय आहे, हे सगळं त्या पोरीनं एका वाक्यात विचारलं होतं. आकलन आकलन म्हणतात ते हेच असतं, हे त्या प्रशिक्षणातही कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. आणि बाईंनी काय करावं? पर्सची चेन उघडली, लाल पेन काढलं आणि दोन फुल्या मारल्या.

"हे छापील आहे. शिक्का आहे खाली. छापील आणि शिक्क्याचं ते तथ्य. पाच वेळा लिहून आण."

तिनं आणलं. पाच वेळा, सुवाच्य अक्षरात. 'घाबरण्याचे कारण नाही. हे तथ्य आहे.' पाचव्या वेळेपर्यंत अक्षर आणखी सुंदर झालेलं.

घाई होती मला, त्याचं कारण सांगते. दोन दिवसांनी केंद्रप्रमुख सर माझा आदर्श पाठ बघायला यायचे होते. आले. ताडपत्रीखाली खुर्ची, खुर्चीवर घरून आणलेली चादर, झाडाला माझा चार रंगांतला तक्ता. पाठ रंगला. मी शेवंतीलाच उठवलं, कारण ती न अडखळता बोलायची. "शेवंती, 'घाबरण्याचे कारण नाही' हे मत की तथ्य?"

"तथ्य."

"कशावरून?"

"छापील आहे आणि खाली शिक्का आहे."

सरांनी टाळी वाजवली, आणि देवाशपथ सांगते, त्याच क्षणी खालचा आला. बांबू करकरले, तक्ता सुटून माझ्या डोक्यावर पडला, अंबाड्यातली पेनं उडाली. केंद्रप्रमुखांनी बांबूला अशी मिठी मारली की बांबूलाच धीर यावा. पोरं जागची हलली नाहीत. थांबल्यावर सर सदरा झटकत म्हणाले, "बघा, कोणी घाबरलं नाही! याला म्हणतात अध्ययन निष्पत्ती." आम्ही सगळे हसलो. शेवंती माझ्याकडे बघून हसली, बाईंचा पाठ चांगला झाला म्हणून. त्या हसण्याचं ओझं मी आता कुठे ठेवू, सांगा.

कारण तिनं ते सगळं घरी नेलं. शाळेत शिकलेलं घरी सांगा, हेही मीच सांगत असे ना! अंगणात आई-बापाला, डोसीला, शेजारच्या दोन घरांना बसवून तिनं पत्रक वाचून दाखवलं, रंगीत रेघांसकट. कुडाच्या घरात वारा शिरत होता, डोसीला खोकला झालेला. पोरगी म्हणाली, विटांच्या घरात जाऊन झोपू, घाबरण्याचं कारण नाही, हे तथ्य हाय, बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, साहेबांनी टाळी वाजवली. बापानं अंथरुणं आत नेली. डोसी दोन दिवस उंबऱ्याबाहेर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी शेवंतीनं तिला हाताला धरून आत नेलं. मला हे तिच्या आईनं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, माझ्यासाठी चहा ठेवता ठेवता.

भिंत दुपारी पडली. आम्ही ताडपत्रीखाली खिचडी वाढत होतो. त्या दिवशीचा धक्का मोठा होता, पातेल्यातली खिचडी काठाला लागली. कोणी घाबरलं नाही. मग रस्त्यावरून एक माणूस सायकल टाकून पळत आला आणि त्यानं शेवंतीला नावानं हाक मारली. ती ताटली हातात धरूनच उठली. ताटली घेऊनच पळाली.

मी संध्याकाळच्या आत तिथे गेले. विटांच्या घराची मागची भिंत आत पडलेली होती, जिथे डोसी खोकत झोपली होती तिथे. निळं दार शाबूत, कडीसुद्धा लावलेली. शेजारी कुडाचं घर जसंच्या तसं. लिंपणाचा एक पोपडा निघाला नव्हता. शेळ्या आत रवंथ करत होत्या.

डोसीला सीमेपलीकडे गुजरातेतल्या दवाखान्यात नेलं. काही दिवस टिकली. शेवंती शाळेत आली नाही. मग कळलं की सगळे झाईच्या बाजूला चिकूच्या वाडीत कामाला गेले, घर तसंच टाकून. वार्षिक परीक्षेत दहा गुणांचा उतारा होता. तिच्या नावापुढे मी गैरहजर लिहिलं. तिची वही तपासायला घेतलेल्या गठ्ठ्यात माझ्याकडेच राहिली. आदर्श पाठाचं प्रमाणपत्र मात्र वेळेवर आलं. बाईंनी ते चौकटीत बसवून घरी लावलं. भिंत पक्की होती आमची.

मी कोणाला काही बोलले नाही. शिकवत राहिले, चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत. फक्त मत आणि तथ्य हा धडा आला की सर्दी व्हायची मला. एका तरुण सरांना म्हणायचे, तुम्ही घ्या हो, माझा घसा बसलाय. लोक म्हणायचे, बाईंचं वय झालं. काय बिशाद होती वयाची!

मागच्या थंडीत झाईला सुके बोंबील आणायला गेले होते. पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभी, तर मागून हाक आली, "बाई!"

कडेवर मूल, डोक्यावर चिकूची पाटी. मी चेहऱ्याआधी वेणी बघितली. एकच होती आता.

"म्हाताऱ्या झाल्या, बाई."

"आणि तू तशीच आगाऊ."

हसली. तेच हसू. पाटी खाली ठेवून तिनं मला चार चिकू निवडून दिले, दाबून दाबून, उद्या पिकतील असे. मुलगी दीड वर्षाची, नाकात शेंबूड, माझी पिशवी ओढत होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. एसटी लांबून दिसायला लागली तेव्हा ती अचानक म्हणाली, "बाई, तुम्हाला राग आलेला ना माझा?"

"मला? कशाचा गं?"

"मी नीट वाचलं नाय तेव्हा. पत्रक. तुम्ही एवढं शिकवलं, नि मी पाचवी ओळ सोडली." मुलीचं नाक पदरानं पुसत ती बोलत होती. "तडा गेलेल्या भिंतीजवळ झोपू नये, असं होतं ना पाचवीला. मी चारच वाचल्या. साहेब आल्याच्या खुशीत घाई केली. ती वाचली असती तर डोसीला आत नेलं नसतं. मी पोरीला सांगते, शाळेत गेली ना, तर शेवटपर्यंत वाचायचं."

पस्तीस वर्षं जीभ चालवून खाल्लं मी. आणि त्या वेळी माझ्या तोंडून काय निघालं?

"गोड आहे गं पोरगी तुझी."

एसटी आली. मी चढले. खिडकीतून हातसुद्धा हलवला.

खरं म्हणजे मला वाटेत शंका आली होती. असेलही पाचवी ओळ. असली तर बरं, असंही मनात आलं, हे सांगायला लाज वाटते, पण आलं. घरी येऊन बोंबलांची पिशवी तशीच टाकली, ट्रंक उघडली, वही काढली. पत्रक होतं, शितांनी चिकटवलेलं, पिवळं पडलेलं. टेबल, उपकरणे, अफवा, घाबरण्याचे कारण नाही. चार ओळी. उलटून बघावं म्हणून कडेनं सोडवलं. मागची बाजू कोरी.

पाचवी ओळ कधी नव्हतीच. ती शेवंतीनं लिहिली, मनातल्या मनात, एवढ्या वर्षांत कधीतरी. छापील चुकत नाही, शिक्का चुकत नाही, बाई तर नाहीच. मग डोसी कशी गेली याचं उत्तर उताऱ्यातच असायला हवं. नव्हतं, म्हणून तिनं ते घातलं. उताऱ्याबाहेरचं तिनं पुन्हा एकदा लिहिलं, आणि या वेळी स्वतःला शून्य दिलं.

मी आठवडाभरानं वही घेऊन झाईला गेले. हे ऐकून माझ्याबद्दल बरं मत करून घेऊ नका. आठवडा लागला. वाडीच्या फाटकाशी राखणदार बसला होता.

"शेवंती? ती लोकं गेली, बाई. चिकूची तोड संपली ना."

"कुठे गेली?"

"गुजरातकडं. वीटभट्टीवर बोलत होते, का कंपनीत."

"नाव, गाव, फोन काही?"

"सीझनची माणसं, बाई. त्यांचं कोण लिहून ठेवतंय?"

त्याच्यामागे चिकूची झाडं रांगेनं उभी होती, धुवून पुसून ठेवल्यासारखी हिरवी. त्यानंतर दोनदा गेले, एकदा वाणगावच्या बाजारातही तिच्यासारखी कोणीतरी दिसली म्हणून तिच्यामागे बटाट्याच्या पोत्यांवरून धावले. दुसरीच होती. माझ्याकडे बघून घाबरली बिचारी.

तर परवा, ट्रक गेला म्हणायचा तो गेल्यावर, ईरा म्हणाली, "आजी, तू हेच शिकवायचीस ना? बघ ना हे. खालील माहिती वाचा, तथ्य आणि मत वेगळे करा."

"मला नको विचारूस."

"एकच सांग. इथे कंपनीनं लिहिलंय की आमचे पाणी सर्वात शुद्ध आहे. मी तथ्यात टाकलं."

"का?"

"लिहिलंय ना तसं."

मी म्हटलं, "ईरा, हे कोणी लिहिलंय? त्याला काय विकायचंय? तू ते पाणी प्यायलीस का? तुला काय वाटतं ते लिही की खाली. उताऱ्याबाहेरचं लिही. चालतं."

तिनं माझ्याकडे बघितलं, आपण गोळ्या घ्यायला विसरलेल्या माणसाकडे बघतो तसं, मायेनं. "आजी, शून्य देतात गं बाहेरचं लिहिलं तर. तुझ्या वेळी चालत असेल."

तिनं तथ्याच्या रकान्यातलं वाक्य आणखी सुवाच्य करून गिरवलं आणि वही मिटली.

ती खेळायला गेल्यावर मी ट्रंकेतली वही काढून मांडीवर घेतली. सोडवलेलं पत्रक पानावर सुटंच असतं आता, पुन्हा चिकटवलेलं नाही. चौथ्या ओळीखाली बोटभर जागा कोरी आहे, मग शिक्का. एक ओळ सहज मावली असती. कपाटातल्या कपबशा पुन्हा किणकिणल्या. पाय वर घेतले नाहीत मी या वेळी. बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवून बसून राहिले, बाईंनी सांगितल्यासारखं.